वेताळाच्या लेखकांचा निकाल

“पहिला नंबर ली फॉक. दुसरा कुणालाच नाही. तिसऱ्यापासून मोजायला लागा,” काकांनी कुंपणापलीकडून जाहीर केलं आणि ते पुन्हा दुधीच्या वेलाला काठी लावायला वाकले.

दहिवलीतल्या आमच्या दोन घरांमध्ये निरगुडीचं कुंपण आहे. निरगुडीला काटे नसतात, त्यामुळे हात टेकून तासभर बोलता येतं, आणि आम्ही बोलतो. या वादाला तोंड फोडलं काकूंच्या खोपोलीच्या भाच्याने. तो तांदूळ न्यायला आला होता. (काकांकडे ‘कर्जत-३’ पिकतो आणि भातं झोडून झाली की खोपोलीच्या नातेवाइकांना मावशीची फार आठवण येते.) पोतं गाडीला बांधता बांधता म्हणाला, आमच्या ग्रुपमध्ये सुपरहिरो कॉमिक्सच्या लेखकांचे नंबर लावलेत, वेताळवाला ली फॉक चौथा आला. एवढं बोलून तो निघून गेला. काकांचा चहा मात्र तसाच गार झाला.

वेताळावर, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमवर, काकांचा हक्क आहे, हे मी मान्य करते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिन लावतात. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, तो एकट्या इंजिनाच्याने होत नाही. काकांची सगळी नोकरी त्या बँकरवर झाली. गाडी वर पोचवायची, रिकामं इंजिन घेऊन खाली यायचं आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसायचं. गाडी थांबली की प्रवासी वड्यावर तुटून पडत आणि काका पुस्तकांच्या ठेल्यावर. इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक, त्यात वेताळ असला तर उत्तम, मँड्रेक असला तर चालेल, फ्लॅश गॉर्डन असला तर नाइलाज.

टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल सुरू केलं मार्च १९६४ मध्ये, आणि सुरुवातीचे कितीतरी अंक नुसता वेताळच होता. त्या वेळी तिथे काम करणारे अनंत पै पुढे बाहेर पडले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. काकूंनी पै यांनाही यादीत घ्या म्हणून सुचवून पाहिलं. काकांनी मान हलवली. “ते संपादक. इथे लेखकांचं चाललंय.”

“बरं, पण नंबर लावायचा कशावर?” मी विचारलं. “मारामारीवर?”

“बाई, तुम्ही शाळेत निबंध तपासलेत ना? मारामारी कुणीही लिहील. वेताळाची खरी ताकद कशात आहे सांगा.”

मी अंगठी म्हणाले. कवटीची अंगठी, जबड्यावर बसली की जन्मभर न जाणारा ठसा.

“अंगठी झाली निशाणी. ताकद आहे ती बोलण्यात. लोकांच्या बोलण्यात.” काकांनी काठी बाजूला ठेवली. म्हणजे आता किमान अर्धा तास. “वेताळ मरत नाही, असं सगळं जंगल म्हणतं. खरं तर तो मरतो. दर पिढीला मरतो. १५३६ साली चाच्यांनी जहाज बुडवलं, बाप मारला, पोरगा किनाऱ्याला लागला आणि त्याने बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली. तिथपासून बापाच्या जागी मुलगा, मुलाच्या जागी नातू. आपला आहे तो एकविसावा. कपडे तेच, घोडा पांढराच, गुहा तीच. गुपित फक्त त्या बुटक्या बांदार लोकांना ठाऊक, आणि ते चारशे वर्षं तोंड उघडत नाहीत. बाकीच्यांनी मात्र तोंड उघडायचंच, त्याशिवाय गोष्ट चालणार कशी? कोपऱ्यावरच्या खानावळीत एक म्हणणार, माझ्या आजोबांनी त्याला पाहिला होता. दुसरा म्हणणार, माझ्या पणजोबांनी. गुंडाला घाम फुटतो तो तेवढ्यानेच, वेताळ अजून दहा पानं लांब असतो.”

काकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. “म्हणजे असल्या कुंपणांवरच तो देव मोठा झाला म्हणा की.”

हा मुद्दा मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला आणि फॉकच्या नावापुढचा पहिला नंबर मी तेव्हाच मनात पक्का केला. काकांना तसं सांगितलं नाही, कारण मग वाद संपला असता. अमेरिकेत सुपरमॅन आला जून १९३८ मध्ये. वेताळ त्याच्या दोन वर्षं आधीचा, १७ फेब्रुवारी १९३६ चा. अंगाला चिकटलेला पोशाख आणि मुखवट्याआड बुबुळं नसलेले डोळे ही रीत वेताळानेच पाडली आणि पुढच्या सगळ्यांनी उचलली. पण सुपरमॅनला त्याच्या लेखकांनी उडायला शिकवलं, गोळी लागू दिली नाही. फॉकने आपल्या माणसाला तसलं काहीच दिलं नाही. त्याला ताप येतो, गोळी लागते, तो थकतो. त्याच्यापाशी आहे ती फक्त एक अफवा, आणि ती अफवा लेखकाने त्रेसष्ट वर्षं फुटू दिली नाही. रे मूर गेला, विल्सन मॅकॉय आला, मग साय बॅरीने तीस वर्षांहून जास्त काळ चित्रं काढली. हात बदलत राहिले, गोष्ट सांगणारा तोच राहिला. मार्च १९९९ मध्ये फॉक गेला तोपर्यंत.

फॉकबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. तो सेंट लुईसचा. नवखा असताना लोकांना सांगायचा की मी जगभर हिंडलेला माणूस आहे. प्रत्यक्षात त्याने तेव्हा फारसं काही पाहिलेलंच नव्हतं. पुढे खऱ्या प्रवाशांशी गाठ पडायला लागली, तेव्हा निदान बोलता यावं म्हणून त्याला प्रवास करावा लागला! त्यामुळेच त्याच्या जंगलाचा पत्ता लागत नाही. कधी ते हिंदुस्थानाशेजारी असतं, कधी आफ्रिकेत. वाघ आहेत, सिंह आहेत आणि चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. आपल्याकडे छापताना टाइम्सवाल्यांनी त्या टोळीचं ‘सिंगा’ केलं आणि मूळ नावाचा बंगालशी घोळ नको म्हणून देशाचं नाव डेंकाली ठेवलं. कर्जतच्या फलाटावर आम्ही वाचला तो हा धुऊन पुसून इस्त्री केलेला वेताळ. ज्यांनी तो मराठीत आणला त्यांचं नाव ना काकांना आठवतं, ना मला. खरं तर त्यांना मधलं एखादं बक्षीस द्यायला हवं.

इतका वेळ सुपातले खडे वेचणाऱ्या काकूंनी आता सूप खाली ठेवलं.

“मला एक सांगा. आपल्या एखाद्या ठाकूरवाडीत उद्या एक गोरा आला, कवटीच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, आजपासून तुमचे तंटे मी सोडवणार. तर तुम्ही त्याला पहिला नंबर द्याल?”

काका गप्प.

“आणि वीस पिढ्या झाल्या तरी वाडीतला एकही पोरगा त्या खुर्चीवर बसत नाही. बायको करायची तीसुद्धा अमेरिकेची.”

हे खरंच आहे. वेताळ आणि डायनाचं लग्न झालं १९७७ मध्ये, चाळीस वर्षांच्या प्रेमानंतर. त्यावर वाचक खूश झाले. पण गादी कुणाची, हा काकूंचा प्रश्न लग्नाने सुटत नाही. काकांनी फॉकची बाजू लढवली. म्हणाले, साठच्या दशकात फॉकने त्याच देशात निवडणूक घडवून आणली, लुआगा नावाचा तिथलाच डॉक्टर राष्ट्राध्यक्ष झाला आणि वेताळ त्याच्या मागे उभा राहिला. फॉकच्याच मँड्रेकच्या गोष्टीतला लोथार १९३४ मध्ये बिबट्याचं कातडं नेसून मोडकंतोडकं बोलणारा गडी होता, तोही पुढे मालकाच्या बरोबरीचा दोस्त झाला, नीट कपड्यात, नीट बोलणारा. लेखक सुधारला की नाही?

सुधारला. पण तीस वर्षं घेतली. मी त्याचे दहा मार्क कापले.

“आमच्याकडच्या रानातला माणूस पाहायचा तर भाई कोतवाल पाहा,” काकू म्हणाल्या. काकूंचं माहेर खालापुरातलं, चावणीकडचं. उंबरखिंड त्यांच्या रोजच्या वाटेवर होती. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज जिथे पुढून-मागून कोंडली, ती ही खिंड. त्यामुळे वीरपुरुषांच्या बाबतीत काकू सहजासहजी कुणाला मार्क देत नाहीत. भाई कोतवालांना देतात. माथेरानचा, नाभिक घरातला मुलगा, वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या उघडल्या, वाड्यांवर शाळा चालवल्या. १९४२ मध्ये भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. मुंबईचे कारखाने अडवायचे तर इथून अडवता येतात हे त्यांना कळलं होतं, कारण वीज आमच्या भिवपुरीत आणि खोपोलीत तयार होत होती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी गाठलं आणि भाई व हिराजी पाटील तिथेच पडले. त्या महिन्यांत भाई कुठे आहेत हे वाड्या-वाड्यांना ठाऊक होतं आणि कुणीच सांगत नव्हतं. बांदार लोकांचं गुपित फॉकने कागदावर लिहिलं, आमच्या ठाकर-कातकऱ्यांनी ते जिवावर उदार होऊन राखलं.

“पण काकू, भाईंना लेखक कुठे होता?” मी म्हटलं. “आपण लेखकांचे नंबर लावतोय.”

“तेच तर म्हणते,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

दुसऱ्या नंबराचं मग माझ्या अंगावर आलं. मी आबिद सुरतींचं नाव घेतलं. इंद्रजालला १९७६ मध्ये वाटलं की एक तरी नायक आपल्या मातीतला हवा, तेव्हा सुरतींनी बहादूर लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी काढला. बाप डाकू भैरवसिंग. त्याला पोलिस अधिकाऱ्याने मारलं आणि त्याच अधिकाऱ्याने पोराला वाढवलं. आता विचार करा, ज्याने बाप मारला त्याच्या हातचं खाऊन मोठं व्हायचं! फॉकने बापाच्या खुन्याची कवटी हातात दिली होती. सुरतींनी बापाचा मारेकरी घरातच आणून बसवला, तोही चांगला माणूस म्हणून. दोघांची सुरुवात एकाच जागी होते आणि माझ्या मते सुरतींची जास्त अवघड आहे. शिवाय बहादूरला मुखवटा नाही. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून तो उघड्या तोंडाने फिरतो आणि गावातल्या लोकांना जमवून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. एकटा माणूस सगळ्यांना वाचवतो, हा प्रकार तिथे कमी आहे. बरोबर बेला आहे, तीही मारामारीत मागे राहत नाही.

काकांना बहादूर आवडतो, पण ते म्हणतात लेखक टिकला नाही. हे मात्र खरं. पुढे बहादूर जगजित उप्पल लिहू लागले. उप्पल वाईट नव्हेत, त्यांच्या गोष्टी सरळ पळतात. पण डाकूच्या पोराच्या पोटातला तो पीळ नंतर सैल पडला, असं आम्हा दोघांचंही मत. तिसरा नंबर उप्पल. यावर वाद झाला नाही, म्हणून इथेच सोडते.

सुरतींसाठी काकूंनी मात्र वेगळ्याच कारणाने हात वर केला. “तेच ना ते, मीरा रोडचे, नळवाले?”

तेच. बहादूरचा लेखक, ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजीचा बाप, पंचाहत्तरीकडे झुकल्यावर २००७ पासून रविवारी एक प्लंबर बरोबर घेऊन मीरा रोडच्या इमारतींत घरोघर जाऊ लागला. गळणारा नळ फुकट दुरुस्त करून द्यायचा आणि निघायचं. पुरस्काराचे पैसे मिळाले ते यात घातले. काकूंना वेताळ-बहादूर सगळे सारखे, पण पाण्याचं म्हटलं की त्या उठून बसतात. आमच्या तालुक्याचं पाण्याशी नातं विचित्र आहे. घाटावर अडवलेलं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून खाली येतं आणि राजनाल्यातून वाहत कितीतरी गावांना दुबार भात देतं. वरच्या वाड्यांवर मात्र एप्रिल-मेमध्ये बायका हंडा घेऊन डवऱ्यापाशी रात्री बसतात. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात! “मुखवटा घालून गुंड धरणं सोपं,” काकू म्हणाल्या, “रविवारी लोकांच्या मोरीत वाकून वायसर बदलून दाखवा.”

काकांनी यावर हरकत घेतली की लेखकाने निवृत्तीनंतर काय केलं त्याचे मार्क धरायचे नसतात. नियमाला धरून ते बरोबर होतं. पण काकूंनी मत मागे घेतलं नाही.

आता राहिला भाचा आणि त्याचा पहिला नंबर, अनुपम सिन्हा. सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, सिन्हांनी स्वतः लिहिलेला आणि स्वतः काढलेला. खोपोलीत कारखान्यांमुळे उत्तरेकडची माणसं पुष्कळ, त्यांच्या पोरांबरोबर दिल्लीची राज कॉमिक्स आली आणि भाचा हिंदी शिकला तो त्यातूनच. ध्रुव सर्कशीत वाढलेला. अंगात कसलीही दैवी शक्ती नाही, डोकं चालवतो, प्राणी-पक्ष्यांशी बोलतो. मी दोन-चार अंक चाळले आहेत आणि सिन्हांना हलकं मानायची माझी तयारी नाही. लेखक आणि चित्रकार एकच असला की गोष्टीत फटी राहत नाहीत. नागराज मात्र मला लेखकांच्या गर्दीत हरवलेला वाटतो. १९८६ मध्ये परशुराम शर्मा यांनी तो लिहिला, मग संजय गुप्ता, तरुणकुमार वाही, पुढे सिन्हा. प्रत्येकाचा नागराज निराळा. कर्जतच्या फलाटावर वडा दहा जण विकतात, म्हणून दहाही वडे एकाच कढईतले नसतात; तसं.

पण नागराजचं नाव निघालं की माझा जीव दुसऱ्याच कारणाने जळतो. पहिल्या नागराजचा चेहरा काढला तो पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. तेच मुळीक, ज्यांची ‘अमर चित्र कथा’तली चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. राम वाईरकर, दिलीप कदम, संजय अष्टपुत्रे, अशी किती मराठी नावं या धंद्यात आहेत! दिल्लीच्या नायकांना, मुंबईच्या इंग्रजी मासिकांना हात आमचे. आणि मराठीत, मराठी लेखकाने लिहिलेला, अंकामागून अंक चालणारा एकही चित्रातला वीरनायक आपण उभा केला नाही. हे मला चौथ्या-पाचव्या नंबराच्या वादापेक्षा जास्त लागतं.

“अर्नाळकर!” काकू म्हणाल्या. त्यांच्या माहेरी झुंजार आणि काळापहाड यांची पुस्तकं मडक्यांच्या उतरंडीमागे लपवलेली असत.

बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजारावर रहस्यकथा. काळापहाड म्हणजे मुखवट्यातला माणूस, पोलिस मागे आणि गुंड पुढे, वेताळाचा सख्खा भाऊ शोभेल असा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा हाडकुळा पोरगा, ‘टॉक्’ केलं की अर्ध्या महाराष्ट्राचे कान उभे राहत. लिहिणारे आपल्याकडे होते. काढणारेही होते. त्या दोघांना एका टेबलाशी बसवून दर आठवड्याला अंक काढणारा मालक तेवढा भेटला नाही. काकांनी अर्नाळकरांना “चित्रं नाहीत” म्हणून स्पर्धेबाहेर काढलं, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असलं तरी त्या रात्री त्यांना काकूंनी आमटी गार वाढली, असं ऐकते.

(सुपरहिरो खालापूर तालुक्यात आलेच नाहीत असं नाही. इमॅजिका थीम पार्क २०१३ मध्ये उघडलं तेव्हा तिथे मिस्टर इंडियाची राइड होती. सलीम-जावेद यांनी लिहिलेला तो अदृश्य माणूस आमच्याकडे तिकीट काढून भेटत असे. भाच्याने तोही यादीत घुसवायचा प्रयत्न केला होता.)

तर निकाल असा. पहिला ली फॉक, दहा मार्क कापूनसुद्धा. दुसरे आबिद सुरती, त्यात काकूंचं नळाचं मत धरलेलं नाही. तिसरे जगजित उप्पल. अनुपम सिन्हा दुसऱ्या कंपनीचे, म्हणून त्यांना वेगळी ढाल. काकांनी अजून सही केलेली नाही. सुरतींना ते दुसरा नंबर देतात, पण “दुसरा रिकामा ठेवून” देतात, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक.

भांडण मिटवायला जुने अंक पुढ्यात हवेत आणि तिथेच घोडं अडलंय. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. काकांचे अंक जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदी घेऊन गेली. इंग्रजी आणि हिंदी अंक जपून ठेवणारे शौकीन भेटतात, मराठी अंक फार कमी नजरेस पडतात. तेव्हा कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, कुठेही तुमच्या माळ्यावर मराठी वेताळ किंवा बहादूर असेल तर तो रद्दीत घालू नका. आम्हाला आठवडाभर वाचायला द्या. वाळवी लागलेला असला तरी चालेल, पहिलं पान फाटलेलं असलं तरी चालेल. परत करू.